सात वर्षांचा हिशेब: कूर्बेचं ‘चित्रकाराचा स्टुडिओ’

आज एकाच चित्राबद्दल बोलायचं आहे, त्यामुळे ज्यांना शक्य असेल त्यांनी ते शेजारी उघडून ठेवावं. गुस्ताव कूर्बे या फ्रेंच चित्रकाराचं ‘चित्रकाराचा स्टुडिओ’. रंगवलं १८५४-५५ मध्ये, आणि आज ते पॅरिसच्या म्युझे दोर्सेमध्ये आहे. उंची ३६१ सेंटिमीटर, रुंदी ५९८. म्हणजे साधारण बारा फूट बाय वीस फूट. मोबाइलवर बघणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवायचं की यातली माणसं जवळपास आपल्याएवढीच मोठी आहेत, आणि अशी तीसेक माणसं तिथे आहेत.

हे चित्र निवडायचं कारण त्याचं नाव. पूर्ण नाव लांबलचक आहे. मराठीत साधारण असं होईल: ‘चित्रकाराचा स्टुडिओ, माझ्या कलाजीवनातल्या आणि नैतिक जीवनातल्या सात वर्षांचा टप्पा ठरवणारं वास्तव रूपक’. यातल्या ‘वास्तव रूपक’ या शब्दांवर दीडशे वर्षं खल झालेला आहे. रूपक असेल तर वास्तव कसं, आणि वास्तव असेल तर रूपक कशाला, वगैरे. त्या वादात आज आम्ही शिरणार नाही. आम्हाला अडवून धरतात ती ‘सात वर्षं’.

कलावंताची कारकीर्द मोजायची एक ठरलेली रीत असते. पंचवीस झाली की रौप्यमहोत्सव, पन्नास झाली की सुवर्णमहोत्सव. समिती नेमली जाते, गौरवग्रंथ निघतो, शाल-श्रीफळ होतं, आणि सत्कारमूर्ती ‘हे सगळं रसिकांचं प्रेम’ म्हणून खाली बसतात. सात वर्षांचं कुणी काही करत नाही. आपल्याकडे साडेसात वर्षं मोजतात खरी, पण ती शनीची! कूर्बे तेव्हा पस्तिशीचा होता. कुणी सत्कार करायची वाट न बघता त्याने स्वतःच स्वतःच्या सात वर्षांचा सोहळा मांडला, तोही बारा बाय वीस फुटांचा. म्हणजे हा आत्मगौरवाचा कळसच, असं म्हणून पुढे जाता येतं. त्याच्या काळातले पुष्कळ लोक तसेच पुढे गेले. आपण जरा थांबू.

पहिला प्रश्न असा की सातच का? कूर्बे १८३९ च्या अखेरीला ऑर्नां या आपल्या गावाहून पॅरिसला आला. सालोंमध्ये, म्हणजे सरकारी वार्षिक प्रदर्शनात, त्याचं चित्र पहिल्यांदा लागलं १८४४ मध्ये. तिथून मोजलं तर १८५५ ला अकरा वर्षं होतात. पॅरिसला आल्यापासून मोजलं तर पंधरा. सात वर्षं मागे गेलं तर आपण पोचतो १८४८ मध्ये. आणि १८४८ हे चित्रकलेच्या इतिहासातलं साल नव्हे. ते क्रांतीचं साल आहे. फेब्रुवारीत राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, जूनमध्ये त्याच प्रजासत्ताकाने पॅरिसच्या कामगारांवर तोफा चालवल्या. त्या वर्षी सालोंची निवड समिती रद्द झाली होती, आणि एरवी नकार पचवणाऱ्या कूर्बेची कामं एकदम मोठ्या संख्येने लागली. त्याच वर्षी बोदलेर, शांफ्लरी आणि आणखी एक मित्र मिळून एक क्रांतिकारी वर्तमानपत्र काढतात, दोनच अंकांत ते आटोपतं, आणि दुसऱ्या अंकावरचं बॅरिकेडचं चित्र कूर्बेने काढलेलं असतं. पुढे डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियन सत्ता बळकावतो आणि वर्षभरात सम्राट होतो.

म्हणजे १८५५ मध्ये, सम्राटाच्या राज्यात, ‘माझी सात वर्षं’ असं म्हणायचं याचा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळत होता. प्रजासत्ताकाचा वर्धापनदिन कुणाला उघडपणे साजरा करता येत नव्हता. आपल्या कारकिर्दीचा करता येत होता. आमच्या मते या चित्राची किल्ली इथे आहे. चित्रकाराने आपल्या कारकिर्दीचा आरंभ जिथे धरला, तिथे एका देशाची आशाही सुरू झाली होती आणि ती मोडली गेली होती. त्यामुळे हा सोहळा आणि सुतक एकाच खोलीत चालू आहे.

आता खोलीत जाऊ. मधोमध कूर्बे बसलाय, टोकदार दाढी वर करून. या दाढीची, या बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याची त्याला मोठी हौस. समोर ईझलवर कॅनव्हास, त्यावर त्याच्या गावाकडचा निसर्ग. मागे एक नग्न मॉडेल उभी आहे, तिचे कपडे खाली पसरलेत. पुढ्यात एक खेडवळ मुलगा, लाकडी बूट घातलेला, मान वर करून चित्र बघतोय. खाली एक पांढरं मांजर.

उजवीकडे मित्रमंडळी. चित्र चालू असताना कूर्बेने शांफ्लरीला एक लांब पत्र लिहिलं, त्यात कोण कुठे आहे हे सांगितलंय. या मित्रांना तो ‘भागधारक’ म्हणतो. शब्द लक्षात ठेवा. भागधारक, म्हणजे ज्यांनी या उद्योगात काहीतरी गुंतवलं आहे. अगदी उजव्या टोकाला टेबलावर बसून बोदलेर पुस्तक वाचतोय. स्टुलावर शांफ्लरी. मागे उभ्या लोकांमध्ये प्रूदाँ हा समाजवादी विचारवंत, ऑर्नांचा व्हायोलिनवादक प्रोमाये, कवी माक्स ब्युशों, आणि पैसा पुरवणारा माँपेल्येचा संग्राहक आल्फ्रेद ब्रुयास. प्रूदाँ १८४९ ते १८५२ तुरुंगात होता. ब्युशोंला १८५१ नंतर स्वित्झर्लंडमध्ये परागंदा व्हावं लागलं. म्हणजे या भागधारकांतल्या काहींनी नुसतं कौतुक गुंतवलेलं नव्हतं.

आणि आता गंमत बघा. या मंडळींपैकी चित्राकडे कोण बघतंय? बोदलेरचं डोकं पुस्तकात. शांफ्लरी आपल्याच विचारात. प्रूदाँ आणि ब्रुयास कुठेतरी तिसरीकडे. ज्यांच्यासाठी सोहळा मांडला ते सगळे हजर आहेत आणि कुणाचंच लक्ष नाही. एकमेकांकडेही नाही. यामागे एक अगदी कारागिरीतलं कारण आहे. कूर्बेने हे चित्र पॅरिसमध्ये नव्हे, ऑर्नांला रंगवलं. मित्र तिथे नव्हतेच. बोदलेरला त्याने १८४८ च्या सुमारास स्वतःच काढलेल्या पोर्ट्रेटवरून उचललं. ब्रुयासला आधीच्या पोर्ट्रेटवरून. प्रूदाँला समोर बसवणं तर त्याला कधीच जमलं नाही. नग्न मॉडेलसाठी ब्रुयासकडे फोटो मागितल्याचं पत्र आहे. मधल्या काळात महिनाभर कावीळ झालेली, मुदत अंगावर आलेली. म्हणजे वेगवेगळ्या वर्षांतले, वेगवेगळ्या उजेडातले चेहरे एका कॅनव्हासवर आणून बसवले.

समीक्षक याला रचनेतला दोष म्हणतात. दोष आहेच. पण आम्हाला असं वाटतं की चित्र खरं बोलायला लागतं ते या दोषातूनच. १८५५ मध्ये ही माणसं खरोखरच एकत्र राहिलेली नव्हती. बोदलेर तोवर ‘वास्तववाद’ या शब्दालाच वैतागला होता आणि त्याच वर्षी त्याविरुद्ध टिपण लिहीत होता. शांफ्लरीला चित्रातलं आपलं रूप अजिबात आवडलं नाही. बॅरिकेडच्या वेळची मैत्री जुन्या पोर्ट्रेटमध्येच शिल्लक होती. सात वर्षांपूर्वीचा बोदलेर सात वर्षांपूर्वीसारखाच वाचत बसलाय, आणि कूर्बे त्याला चालू वर्षात ओढून आणतोय. गौरवाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतात. इथे तसं झालं असतं तर हे चित्र एव्हाना कुणाच्या आठवणीत नसतं.

बोदलेरच्या डोक्याजवळ जरा नीट बघा. तिथे एक पुसट सावली दिसेल, एका बाईची. ती झान द्युव्हाल, बोदलेरची अनेक वर्षांची सोबतीण, मिश्र वंशाची. कूर्बेने तिला रंगवलं होतं, मग झाकलं. बोदलेरच्या सांगण्यावरून झाकलं असं मानलं जातं. वरचा रंग काळाबरोबर पातळ झाला आणि बाई पुन्हा वर आली. हिशेबाच्या वहीत खोडलेली ओळ जशी उलट्या बाजूने वाचता येते, तसं. सात वर्षांच्या नैतिक जीवनाचा ताळेबंद मांडायचा आणि एका मित्राची अडचण नको म्हणून एक माणूस काढून टाकायचं, हे या चित्रातलं आम्हाला सर्वात खुपणारं ठिकाण.

आता डावी बाजू. कूर्बेच्या पत्राप्रमाणे हे दुसरं जग: गरिबी, श्रीमंती, शोषित, शोषक, आणि मरणावर जगणारे. पेटी घेतलेला एक ज्यू गृहस्थ, एक धर्मगुरू, १७९३ च्या क्रांतीतला एक म्हातारा, कापडाचा फेरीवाला, प्रेतयात्रेत पुढे चालणारा भाडोत्री, बेकार मजूर, शिकारी आणि त्याचे कुत्रे. ईझलच्या सावलीत जमिनीवर बसलेली एक आयरिश बाई, पोराला पाजत. तिच्या जवळच एक कवटी, वर्तमानपत्रावर ठेवलेली. ईझलच्या मागे लाकडी पुतळा, सुळावर दिल्यासारखा वाकलेला.

१९७७ मध्ये, कूर्बेच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं. त्या निमित्ताने एलेन तुसें या अभ्यासिकेने मांडलं की ही डावीकडची माणसं निव्वळ नमुने नाहीत, ती त्या वेळची राजकारणी मंडळी आहेत, आणि लांब बुटांचा, मिशीवाला शिकारी म्हणजे खुद्द तिसरा नेपोलियन. मिशी बघितली की पटतं. सम्राटाला त्याच्याच राज्यात, त्याच्याच प्रदर्शनासाठी, कुत्रे सांभाळणारा चोरटा शिकारी म्हणून बसवायचं धाडस कूर्बे करू शकला असता, यात शंका नको. पण तेव्हापासून डावी बाजू एक शब्दकोडं होऊन बसली. हा कोण, तो कोण, ओळखा पाहू. आम्हाला या खेळाचा कंटाळा येतो, कारण कोडं सुटलं की माणूस चित्र बघायचं थांबवतो.

आणि कोडं सुटूनही आयरिश बाई उरतेच. तिला कुठल्याही मंत्र्याचं नाव चिकटत नाही. लिंडा नॉक्लिन यांनी १९८८ च्या आपल्या निबंधात नेमकं तिच्यावर बोट ठेवलंय. अंधारात, जमिनीला टेकलेली, अंगावर चिंध्या. मध्यभागी तो उजळ नितळ देह उभा, कलेची प्रेरणा वगैरे असलेला, आणि त्याच्यापासून काही हातांवर हा दुसरा देह. आयर्लंडमधल्या दुष्काळाची वर्षं आठवा, १८४५ पासूनची. म्हणजे तीही जवळपास याच सात वर्षांची साक्षीदार. पण तिचा भाग कुठे नोंदलाय? ती भागधारक नाही. कूर्बेला तिचं नाव माहीत नाही, आपल्याला नाही, विचारायचं कुणाला सुचलंही नाही. तरी चित्रात तिला काढून टाकलेलं नाही. झान द्युव्हालला झाकणारा हात तिच्यावर फिरला नाही. का? तिच्यामुळे कुणाची अडचण होत नव्हती म्हणून? असेलही. चित्राचं वजन मात्र तिच्याकडे झुकतं, आणि मधला नायक त्या मानाने हलका वाटायला लागतो. हे कूर्बेने ठरवून केलं असेल असं आम्ही म्हणत नाही.

एक गोष्ट सहज निसटते. कारकिर्दीच्या टप्प्याचं चित्र म्हटल्यावर आपण काय अपेक्षा करू? मागे भिंतीवर त्या वर्षांतली गाजलेली चित्रं. आणि ती काही थोडी नव्हती. १८४९ मध्ये ‘ऑर्नांमधली दुपार’ या चित्राला सुवर्णपदक मिळालेलं, सरकारने ते विकत घेतलेलं. मग ‘ऑर्नांमधलं दफन’, ‘खडी फोडणारे’, आणि १८५३ ची ती बदनाम ‘न्हाणाऱ्या बायका’. शांफ्लरीच्या पत्रात तर आपली दोन चित्रं भिंतीवर दाखवणार असल्याचं कूर्बे सांगतो. प्रत्यक्षात? मागची भिंत म्हणजे तपकिरी धुकं. आकार आहेत, आहेतसे वाटतात, पण हाती काही लागत नाही. वेळ संपला आणि त्याने त्यावर रंगाचा हात फिरवला, हे उघड आहे. परिणाम असा झाला की सात वर्षांच्या या स्मारकात त्या सात वर्षांतलं एकही चित्र नीट दिसत नाही. दिसतं ते फक्त आत्ता, हातातलं, ओलं चित्र. ज्याच्यावर कुणी गाजावाजा केलेला नाही असा एक नदीकाठचा देखावा.

तोही विचित्रच आहे, नाही का? मॉडेल मागे उभी, आणि हा निसर्गचित्र काढतोय, तेही बंद खोलीत. मग तिला उभं कशाला केलंय? मायकेल फ्राइड यांनी दाखवलंय की कॅनव्हासमधलं पाणी जणू बाहेर वाहत येतं आणि तिच्या खाली पडलेल्या कपड्यांच्या घड्यांत मिसळतं. एकदा दाखवल्यावर ते दिसतंच. तरीही मध्यभाग आम्हाला पूर्ण पटत नाही. निसर्ग, नारी, निरागस बालक आणि त्यांच्यामध्ये निर्माता, ही मांडणी फार तयार आहे, फार लवकर टाळी मागते. त्या मुलाला मात्र सूट द्यायला हवी. एवढ्या गर्दीत चित्राकडे खरोखर बघणारा तो आणि मॉडेल, असे दोघेच. आणि तिकडे शांफ्लरीच्या पायाशी आणखी एक पोर जमिनीवर पडून स्वतःचंच काहीतरी रेखाटतंय, तेही कुणाकडे न बघता.

आता बाहेरचा प्रसंग थोडक्यात. १८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन होतं. कलाविभागात सरकारने जिवंत दिग्गजांचे सत्कारच मांडले होते. अँग्रच्या चित्रांना वेगळं दालन, दलाक्रवाची तीसहून जास्त चित्रं, शिवाय व्हेर्ने आणि दकाँ. कूर्बेलाही आधी आमंत्रण येऊन गेलं होतं, सरकारी कलाखात्याच्या प्रमुखाने जेवायला बोलावून. अट एकच: आधी कच्चा आराखडा दाखवायचा. कूर्बेने साफ नाही म्हटलं. मग त्याने नेहमीच्या वाटेने १४ चित्रं पाठवली, ११ घेतली गेली, आणि नाकारलेल्यांत ‘दफन’ आणि हा ‘स्टुडिओ’ होता. तेव्हा ब्रुयासच्या आधाराने त्याने प्रदर्शनाच्या शेजारीच, आव्हेन्यू माँतेन्यवर, स्वतःचा मंडप उभारला. दारावर पाटी: ‘वास्तववाद’. ४० चित्रं, ४ रेखाटनं, तिकीट एक फ्रँक. म्हणजे गौरव कुणाचा करायचा हे कोण ठरवणार, यावरची ही उघड टक्कर होती. दोन मांडव शेजारी शेजारी.

त्याच्या मांडवात फार कुणी आलं नाही. तिकीट अर्ध्यावर आणावं लागलं. ३ ऑगस्टला दलाक्रवा आला, ज्याचा स्वतःचा सरकारी सोहळा शेजारीच चालू होता. तो आपल्या रोजनिशीत लिहितो की जवळपास तासभर तो तिथे एकटाच होता, आणि नाकारलेलं हे चित्र ही एक थोर कृती आहे; तिथून त्याचा पाय निघेना. एक हरकत मात्र त्याने नोंदवली: ईझलवरच्या चित्रातलं आकाश खरं आकाश वाटतं, त्यामुळे घोटाळा होतो. बघा, एका चित्रकाराची नजर कुठे जाते. बोदलेर नाही, सम्राट नाही, थेट आकाशाचा उजेड.

कूर्बेच्या हयातीत हे चित्र विकलं गेलं नाही. पुढे त्याच्या आयुष्यात एक स्मारक आलंच, पण दुसऱ्याचं. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये नेपोलियनच्या विजयांचा व्हाँदोम स्तंभ पाडला गेला, त्याचा ठपका त्याच्यावर आला, तुरुंग झाला, स्तंभ पुन्हा उभारायचा खर्च त्याच्या नावावर लिहिला गेला. तो स्वित्झर्लंडला निघून गेला आणि तिथेच ३१ डिसेंबर १८७७ ला वारला, पहिला हप्ता भरायचा त्याच्या आदल्या दिवशी.

‘स्टुडिओ’ची गुंडाळी सुटली ती एका श्रीमंताच्या घरात, त्याच्या खाजगी नाट्यगृहाचा मागचा पडदा म्हणून. काही वर्षं हौशी नट त्याच्यासमोर नाटकं करत होते. १९२० मध्ये लूव्रने वर्गणी जमवून ते घेतलं, १९८६ मध्ये ते दोर्सेला आलं. २०१४ ते २०१६ या काळात तिथेच, काचेच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर त्याची डागडुजी झाली. त्या खर्चाचा काही भाग लोकांनी ऑनलाइन वर्गणीतून भरला. साफ केल्यावर मागच्या तपकिरी भिंतीतले आकार आधीपेक्षा थोडे वाचता येऊ लागले. बोदलेरजवळची ती सावली आजही तिथे आहे.

प्रश्न असतील तर आता घेऊ.